मी बोलून गेलेली दोन वर्षं

संपादकांनी फोनवर सांगितलं, दिवाळीचा अंक आहे, तेव्हा प्रयोगशाळेतल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत की. अकलूजहून एक गृहस्थ बायकोचं काढलेलं पित्ताशय लोणच्याच्या बरणीत, मिठाच्या पाण्यात घालून एसटीने घेऊन आले होते आणि जाताना बरणी परत मागत होते. हा किस्सा मी वर्षानुवर्षं लग्नाकार्यांत सांगत आले, आणि लोक हसत आले. त्या मिठाच्या पाण्यात पित्ताशय कुजलं होतं आणि त्या बाईला नेमकं काय झालं होतं ते आम्हाला कधीच सांगता आलं नाही, एवढा भाग मात्र मी गाळत असे. रुग्णालयातल्या कुणीतरी त्या माणसाच्या हातात फॉर्मालिनची साधी बाटली द्यायला हवी होती. दिली नाही. मला आता गमती सांगायचा कंटाळा आला आहे. त्यामुळे हे लिहिते आहे ते वेगळं आहे, आणि रागाने लिहिते आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट. सोलापुरात तीस वर्षांहून जास्त काळ माझी छोटी लॅब होती. लोकांना वाटतं, रक्त-लघवी तपासणारी बाई. तेही केलं, पण माझं खरं काम गाठींचं. सर्जन गाठ काढतो आणि बाटलीतून आमच्याकडे पाठवतो. आमचे मेहबूबभाई ती मेणात बसवत, केसाहून पातळ काप काढत, काचेवर चढवून रंगवत. मग मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि ही गाठ कसली आहे ते लिहायचे. ते लिहून होईपर्यंत ती कसली हे कुणालाच ठाऊक नसतं. ज्याने हाताने काढली त्यालाही नसतं. एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या डॉक्टरांना पटवून देण्यात माझी निम्मी कारकीर्द गेली.

सुनंदा बनसोडे हे नाव मी पहिल्यांदा एका बाटलीच्या चिठ्ठीवर वाचलं. वय अडतीस. डाव्या डोळ्याच्या वरची गाठ. बाटलीत हरभऱ्याएवढे दोन तुकडे होते.

पुढचं कळण्यासाठी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. अश्रू नाकाजवळच्या कोपऱ्यातून येतात असं बहुतेकांना वाटतं. तिथून ते वाहून जातात, तो निचरा आहे. तयार होतात ते भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, हाडाच्या खोबणीत बसलेल्या बदामाएवढ्या ग्रंथीत. या ग्रंथीत क्वचित कॅन्सर होतो. इतका क्वचित, की माझ्या सगळ्या कारकिर्दीत मी तो चार वेळा पाहिला. त्यातला सगळ्यात खोडकर प्रकार मज्जातंतूंच्या कडेकडेने सरकत जातो. म्हणून तो दुखतो. साध्या गाठी सहसा दुखत नाहीत. भुवईच्या टोकाशी दुखतंय, कपाळाचा तेवढा भाग बधिर झालाय आणि डोळा जरा खाली सरकलाय, असं कुणी सांगितलं तर डोळ्यांच्या डॉक्टरने ताबडतोब स्कॅन करायला पाठवावं, इतकं ते सरळ असतं.

सुनंदाने हे तिन्ही सांगितलं होतं. हे मला फार नंतर तिच्याच तोंडून कळलं. ती एमआयडीसीतल्या गणवेशाच्या कारखान्यात काज करायच्या मशिनवर बसायची. शाळेच्या शर्टांना काजं पाडायची. दुखायला लागलं तेव्हा पहिल्या डॉक्टरने बारीक काम करता म्हणून चष्मा दिला. मग चष्म्याचा नंबर बदलला. दुसऱ्याने अर्धशिशीच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्याने, बाईमाणसाला नवरा गेल्यावर असं डोकं दुखतं, असं सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या. तिचा नवरा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. चौथ्याने गाठ ओळखली आणि भुवईखाली कापून काढलीही. घरच्यांना म्हणाला, साधी होती, विसरून जा. ती गाठ त्याने तपासायला पाठवली नाही. कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

एका वर्षात गाठ परत आली. तेव्हा पाचव्या डॉक्टरने त्यातले दोन तुकडे काढून माझ्याकडे पाठवले.

त्या चौथ्या डॉक्टरला मी पुढे एका बैठकीत गाठलं. गाठ पाठवली का नाही, विचारलं. तो म्हणाला, काढताना दिसत होती साधीच. मी विचारलं, दिसत होती म्हणजे कशाने दिसत होती? तो हसला आणि जेवायच्या रांगेत गेला. मी लेखी तक्रार करायला हवी होती. केली नाही. गावात रोज एकमेकांची तोंडं बघायची असतात, एकमेकांकडून बाटल्या यायच्या असतात. हे कारण मी त्या वेळी स्वतःला दिलं होतं. आज लिहून काढताना ते वाचवत नाही.

आता माझा भाग.

मेहबूबभाईंनी रंगवून दिलेली काच मी पाहिली. हा कॅन्सर दिसायला फार रेखीव असतो. पेशींची बेटं आणि त्यांत गोल गोल भोकं, एखाद्या चाळणीसारखी. एका कडेला त्या पेशींनी मज्जातंतूला विळखा घातला होता. शंकेला जागा नव्हती. मी रिपोर्ट लिहिला. तो हातात पडण्याआधीच पाचव्या डॉक्टरांचा फोन आला. हे गृहस्थ चांगले, कामाला चोख. त्यांनी निदान ऐकलं आणि विचारलं, मॅडम, घरचे विचारतायत, किती दिवस धरायचे?

टेबलावर पंधरा-वीस काचा पडलेल्या होत्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पुढच्या पेशंटची काच. मी म्हणाले, परत आलेली आहे, मज्जातंतूत गेलेली आहे. दोन वर्षं. फार तर.

झालं. एवढंच. मी पुढची काच लावली.

ही दोन वर्षं मी कुठून आणली? कधीतरी एका जुन्या पुस्तकात या आजाराबद्दल वाईट वाईट वाचलं होतं, त्यावरून. पुस्तकातले आकडे अनेक माणसांचे मिळून असतात. कुणी लवकर आलेलं असतं, कुणी उशिरा, कुणाला नीट उपचार मिळालेले असतात, कुणाला नाही. आणि हा आजार तर विशेष लहरी. कुणाला वर्षात नेतो, कुणाच्यात दहा वर्षं दडून बसतो आणि मग फुप्फुसात उगवतो. हे मला माहीत होतं. तरी मी एक आकडा बोलून गेले, कारण विचारणाऱ्याला आकडा हवा होता आणि मला फोन ठेवायचा होता.

डॉक्टरांनी तो आकडा सुनंदाच्या दिराला सांगितला. हा दीर एका सरकारी कचेरीत नोकरीला होता, भावाच्या मागे त्यानेच घर सांभाळलं होतं. त्याला वाईट म्हणायला मी तयार नाही. पण त्याने जे केलं ते आपल्याकडे घरोघरी करतात आणि त्याला माया म्हणतात. त्याने डॉक्टरांना सांगितलं, वहिनीला यातलं काही बोलू नका, ती खचेल. डॉक्टरांनी मान हलवली. पेशंट बाहेर बाकावर बसली होती.

सुनंदाला एकच मुलगी, शीतल. बारावी सायन्स नुकती झालेली, वय अठरा पूर्ण. तिला नर्सिंगला जायचं होतं, फॉर्म भरलेला होता. आईचं ऑपरेशन पुण्यात ठरलं, आणि ते व्हायच्या आत तीन आठवड्यांत शीतलचं लग्न लावलं. कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचं स्थळ. आईच्या डोळ्यादेखत व्हायला हवं, असं घरातला जो तो तिच्या पाठीमागे म्हणत होता. शीतलला त्यामागचं कारण सांगितलं होतं, आणि आईला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. आई मरणार म्हटल्यावर ती पोर काय नाही म्हणणार होती? विहारात लग्न झालं. सुनंदा डोळ्यावर रुमाल धरून मांडवात बसली होती आणि मनात म्हणत होती, दिराला पोरीचं ओझं झालं.

मग पुण्यात तिचा डोळा काढला. नुसता डोळ्याचा गोळा नव्हे, पापण्यांसकट खोबणीतलं सगळं. त्या ऑपरेशनला तसंच करावं लागतं. संमतीचा कागद इंग्रजीत होता. त्यावर तिची सही आहे, मी पाहिली आहे, मराठीत, ठसठशीत. त्या इंग्रजी कागदावर आजाराचं नाव होतं आणि ज्या बाईची सही होती तिला ते वाचता येत नव्हतं. सगळं कायदेशीर. पुढे सहा आठवडे रेडिएशन. सोलापुरात परतल्यावर ती घरीच होती. काजाच्या मशिनवर पुन्हा बसायला तिला सात-आठ महिने लागले. एका डोळ्याला अंतराचा अंदाज येत नाही, सुईत दोरा ओवताना हात पुढेमागे जातो. तेही तिने जमवलं.

यातलं काहीच मला माहीत नव्हतं. माझ्यासाठी सुनंदा बनसोडे म्हणजे कपाटातली एक काच.

अडीच वर्षांनी एका दुपारी ती लॅबमध्ये आली. काळा चष्मा, डाव्या बाजूला पांढरी पट्टी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत फायली. काउंटरवर तिने मोठ्या मॅडमना भेटायचं आहे असं सांगितलं. पॅथॉलॉजिस्टकडे पेशंट येत नाहीत, मेहबूबभाईंनी तिला तसं समजावलंही. ती बाकावर बसून राहिली. शेवटी तेच आत येऊन मला म्हणाले, "मॅडम, वो बाई जाती नई. तुमसेच बात करना बोलती."

ती आत आली, बसली, माझा रिपोर्ट टेबलावर ठेवला.

"हे तुमी लिवलंय का?"

मी हो म्हटलं.

"आन् दोन वर्षं बी तुमीच म्हनला व्हता?"

मला क्षणभर काही आठवेना. मग तिने सांगितलं. शीतल बाळंतपणाला माहेरी आली होती. एकदा बाळ रडत असताना, कशावरून तरी शब्दाला शब्द वाढला आणि शीतल बोलून गेली, की तू दोन वर्षांत जाणार म्हणून काका म्हणाले, म्हणून मी लग्नाला उभी राहिले, आणि तू तर अजून आहेस. एवढं बोलल्यावर पोरीनेच तोंडावर हात घेतला. दुसऱ्या दिवशी सुनंदाने दिराला विचारलं. दिराने डॉक्टरचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी, गाठ तपासणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं, असं सांगितलं. म्हणून ती माझ्याकडे आली होती. माझ्यामागे कुणी उरलं नव्हतं.

माझ्या तोंडाशी आलं होतं, मी फक्त रिपोर्ट लिहिते, बाकीचं डॉक्टर सांगतात. वर्षानुवर्षं हे वाक्य वापरून गुळगुळीत झालेलं होतं. पण ते खोटं होतं. मी म्हणाले, हो, फोनवर मीच म्हणाले होते.

"मला बगितलं व्हतं का तुमी कवा?"

"नाही."

"मग ही दोन वर्षं कुनाची सांगितली?"

मी इतकी वर्षं परीक्षा घेतल्या, दिल्या, परिषदांत प्रश्नांना उत्तरं दिली. असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, पुस्तकातल्या माणसांची. माझी चूक झाली, असंही सांगितलं. ती म्हणाली, कॅन्सर हाय ते मला कवाच कळलं व्हतं, पुण्यात त्या मशिनपाशी सगळे त्येच असतेत. पर मला कुनी त्वांडानं सांगितलं न्हाय. आता तुमी सांगा. मला कळंल असं सांगा.

मी कपाटातून तिची काच काढून सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि तिला खुर्ची दिली. पेशंटला काच दाखवायची ही माझी पहिलीच वेळ. उजवा डोळा लावून ती बराच वेळ पाहत राहिली. ती भोकं पाहून म्हणाली, काजं पाडल्यावानी दिसतंय. मी तिला मज्जातंतू दाखवला, त्याभोवतीचा विळखा दाखवला, म्हणून दुखत होतं असं सांगितलं. त्यावर तिने मान वर केली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. म्हणजे मला खरंच दुखत व्हतं की, ती म्हणाली. तीन डॉक्टरांनी तिचं दुखणं चष्म्यावर, अर्धशिशीवर आणि शेवटी मनावर ढकललं होतं. डोळा गेल्यावरही तिला वाटत होतं की आपण उगाच कांगावा केला असेल.

मी तिला माहीत असलेलं सगळं सांगितलं. की हा आजार पुन्हा येऊ शकतो, कदाचित खूप वर्षांनी. बहुधा फुप्फुसात येतो, म्हणून दर वर्षी छातीचा स्कॅन करायचा. कदाचित येणारही नाही. किती वर्षं, ते मला सांगता येणार नाही, आणि जो कुणी सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. सगळं मिळून तासभर लागला. तो तास तिला अडीच वर्षांपूर्वी मिळायला हवा होता. पाच डॉक्टर आणि मी, सहा जणांपैकी कुणाकडेही तो नव्हता.

त्यानंतर तिने काय केलं ते सांगते. ती दिराशी भांडली नाही. पण आपल्या सगळ्या फायली त्याच्या कपाटातून काढून स्वतःच्या ट्रंकेत ठेवल्या आणि यापुढे डॉक्टरकडे मी एकटी जाणार असं सांगितलं. मग ती दुधनीला गेली. जावयाला आणि त्याच्या आईला म्हणाली, शीतलला नर्सिंग करायचं आहे, नातवाला मी सोलापुरात सांभाळते. सासू कानडीत बरंच बोलली. सुनंदाला कानडी येत नव्हतं, ते एका अर्थी बरंच झालं. दोन वर्षं ती दुधनीच्या खेपा घालत राहिली. शेवटी जावईच वळला. शीतलने कोर्सला प्रवेश घेतला तेव्हा तिच्या वर्गातल्या मुली तिच्याहून पाच वर्षांनी लहान होत्या. सुनंदा नातवाला शेजारणीकडे ठेवून कारखान्यात जायची, संध्याकाळी घेऊन यायची.

दर वर्षी स्कॅनचा कागद घेऊन ती माझ्याकडे यायची. स्कॅन वाचणं हे माझं काम नव्हे, तरी मी वाचायचे. नवव्या वर्षी फुप्फुसात ठिपके दिसले. मी तिला तिथेच, त्याच खुर्चीत सांगितलं. ती म्हणाली, आता किती म्हनू नका. मी म्हणाले, म्हणत नाही. ठिपके हळूहळू वाढत होते. तशात तिने आणखी साडेतीन वर्षं काढली, त्यातली पहिली दोन कारखान्यात. मी तोवर लॅब बंद केली होती. ती घरी येऊ लागली. शर्टांच्या गोष्टी सांगायची. कुठल्या शाळेने गणवेशाचा रंग बदलला, ते तिच्याकडून मला कळायचं.

शेवटच्या महिन्यात तिला धाप लागायची. रुग्णालयात एका तरुण डॉक्टरला तिने विचारलं, किती दिवस राहिले? तो शीतलकडे बघायला लागला. सुनंदा म्हणाली, "तिच्याकडं काय बगता? मरनार मी हाय की ती?" त्याने मग तिला सांगितलं. त्या मुलाचं मला कौतुक वाटतं. कुणीतरी विचारल्यावर का होईना, त्याने तोंड पेशंटकडे वळवलं. बाकीच्यांनी तेवढंही केलं नव्हतं.

ती गेली त्याच्या पंधरा दिवसांनी मी तिच्या घरी गेले. दिराने मला बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, डॉक्टरांनी दोन वर्षं दिली होती, आम्ही वहिनीला साडेबारा वर्षं काढायला लावली. त्याच्या मनात काहीही खोट नव्हती. त्याला आजही वाटतं की न सांगितल्यामुळेच ती जगली. मी वाद घातला नाही. चहा प्यायले.

शीतल मला दारापर्यंत पोचवायला आली. ती आता सोलापुरातच एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. नवरा आणि मुलगा तिच्याबरोबर इथेच राहतात. मी तिला म्हणाले, तुझी आई मला त्या एका दिवसानंतर कधी काही बोलली नाही.

"आईनं तुम्हाला माफ केलं होतं," ती म्हणाली. "मला माहीत आहे. माझ्यापाशी तसं बोलली पण होती." मग चपला घालणाऱ्या माझ्याकडे बघत शांतपणे पुढे म्हणाली, "मी नाही केलं, मॅडम. पाच वर्षं माझी होती ती. मला वाटत नाही मी करेन."

मी म्हणाले, करू नकोस.